गच्चीवरचा मासा

एस्तेरबाई पाटोळे चहाचा पेला पुढे सरकवतात,
"धुमाळ, तिकडे नेमकं काय पाहिलंत?"

काय सांगू.
त्या गावाचं नाव अजून जिभेवर बसत नाही.
अम्मानहून बस, तासाभराची.
शुक्रवार, साइट बंद,
आम्ही चौघे लादीवाले, पिशवीत खुबूस आणि केळी.
आधी कमान, मग खांबच खांब,
छप्पर एकाच्याही डोक्यावर नाही.
रस्त्याच्या दगडात रथांच्या चाकोऱ्या,
बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जातं.
रोमन लोकांचं गाव, पाटीवर लिहिलं होतं.

बाकीचे फोटो काढत पुढे गेले.
मी एका मोडक्या देवळापाशी थांबलो,
म्हणजे तुमच्या चर्चपाशी, फार जुन्या.
भिंती गुडघ्याएवढ्या.
वेदी कुठे होती ते सांगूनही कळेना.
पण फरशी शाबूत.
बाई, फरशी मला वाचता येते.

नखाएवढे दगड,
चुना ओला असतानाच दाबलेले.
पाण्याला उतार दाराकडे, अगदी बरोबर.
कडेनं वेल, वेलीत कोंबडा, टोपली, मासे.
सगळे मासे उगवतीकडे तोंड करून
आणि कोपऱ्यातला एकच
उलटा.

गाईड म्हणाला, यात काही गूढ अर्थ असणार.
मी गप्प.
मला तो गडी दिसत होता,
दीड हजार वर्षांमागचा,
पाठ धरलेली, ऊन उतरलेलं,
चुना आळत चाललाय,
मुकादम दारात उभा,
आता मासा कोण फिरवत बसतो!
पैसे देणाऱ्यांची नावं फरशीत आहेत, म्हणे.
त्याचं नाही.
त्याचा हा मासा आहे.

आणि इथे बडोद्यात, अकोट्याला,
चार दिवस मी तुमच्या गच्चीवर
चायना मोझेकसाठी बशा फोडतोय.
आमचे मास्तर सांगायचे,
याच मातीत रोमच्या दारूच्या रांजणांची खापरं निघाली होती.
तेव्हाही तिकडचं काहीतरी
विश्वामित्रीकाठी येऊन फुटतच होतं.

"बाई, एक मासा काढू का इथे?"
"नको हो. पायाखाली येईल."
"तिथेही पायाखालीच होता."
त्या खाली गेल्या.
मला वाटलं, रागावल्या.

वर आल्या तेव्हा हातात निळा कप,
कान नसलेला.
"यांचा आहे," म्हणाल्या,
"सात वर्षं नुसता कपाटात."
मी हातोडी पुसली.
एकदाच मारली, हळू.

टाकीच्या मागे,
जिथे पापडही कुणी वाळत घालत नाही,
सात तुकडे मांडून मी विचारलं,
तोंड कुणीकडे करू?

बाई पाण्याच्या पाइपाकडे पाहत होत्या.
"सिमेंट आळतंय, धुमाळ.
लावा."