चौथा नियम

गुरुवारी संध्याकाळी हामी येतो.
बूट पायरीवर काढतो, मोजे तरीही ओले,
आणि मीठ-मिरीच्या डब्या बाजूला सारून
माझ्या टेबलावर लाकडाची बंदूक ठेवतो.
त्यानेच तासलेली.
बोल्टच्या जागी दाराची जुनी कडी,
खटका वाकवलेल्या खिळ्याचा.
खरी तो हातात धरत नाही.

"पहिला?"
प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं.
"ही तर फळी आहे, नोलीन."
तरीही.
"दुसरा?"
नळी सुरक्षित दिशेला. म्हणजे आत्ता चुलीकडे,
मांजराकडे नाही.
"तिसरा?"
झाडायच्या क्षणाआधी गोळी भरायची नाही.

इथे तो पाण्याचा घोट घेतो.
मग म्हणतो, "पाचवा?"

आमच्याकडे वसंत सप्टेंबरात येतो.
मागच्या सप्टेंबरात ओढ्याकाठी एक मेंढी उताणी पडलेली.
पोटात दोन कोकरं, उठता येईना,
आणि समुद्रावरून आलेल्या पाखरांनी
तिचे डोळे नेले होते.
शेजारचा रायफल घेऊन येईतो सव्वा तास
मी तिच्या कानामागे खाजवत बसले.
त्याच रात्री परवान्याचा अर्ज भरला.
हामीला मी सांगितलं नव्हतं.
पण या गावात कुणी शिंकलं
तर पुलापलीकडून विचारतात, सर्दी का?
तिसऱ्या दिवशी तो दारात उभा,
बगलेत ती फळी.

तीस वर्षं झाली.
एप्रिल, हरणं माजावर येण्याचा महिना.
माझा भाऊ फर्गस पोकळ शिंगातून
नराची हाक काढायचा,
इतकी हुबेहूब की आमची कुत्री टेबलाखाली शिरायची.
अंगात आईने विणलेला स्वेटर,
वाळल्या नेच्याच्या रंगाचा.
हामी तेव्हा एकोणीसचा, फर्गस वीसचा.
पुढचं मला कुणी कधी ओळीने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
आईने लोकर विणणं सोडलं, एवढं ठाऊक आहे.

शेवटच्या गुरुवारी त्याने घोट घेतला नाही.
ग्लास हातात तसाच.
"चौथा," म्हणाला, विचारलं नाही, स्वतःच म्हणाला,
"निशाण काय आहे याची पुरती खात्री.
शंकेला तीळभर जागा नको.
आवाज म्हणजे खात्री नाही.
रंग म्हणजे खात्री नाही.
झुडूप हललं, फांदी शिंगासारखी दिसली,
खात्री नाही.
मनात हरीण आधीच उभं असतं, नोलीन.
डोळे नुसती त्याच्याभोवती झाडी लावतात."

मी चहा टाकला.
त्याला साखर चालत नाही. तरी दोन चमचे घातली,
तो काही न बोलता प्यायला.

परीक्षा रग्बी क्लबच्या हॉलमध्ये.
भिंतीवर संघांचे फोटो, घामाचा शिळा वास,
माझ्या एका बाजूला दातांचा डॉक्टर,
दुसऱ्या बाजूला दोन पोरं, ओठांवर नुकती लव.
प्रश्न अकरावा:
दाट रान. नराची हाक ऐकू आली. पालवी हलली, तपकिरी काही दिसलं.
तुम्ही काय कराल?
अ. लगेच नेम धराल.
ब. पुन्हा हाक आली की गोळी झाडाल.
क. संपूर्ण प्राणी स्पष्ट दिसेपर्यंत थांबाल.
शेजारचं पोरगं फिसकन हसलं.
इतका सोपा प्रश्न कोण चुकेल?
मी पेन्सिल ठेवली.
बाकीचे सगळे सोडवून परत आले,
आणि "क" भोवती गोल काढला,
हळू, रेघ कुठे तुटू न देता.

बाहेर पिकअपमध्ये हामी, काचा धुक्याने भरलेल्या.
"किती चुकले?"
एक. कुंपण ओलांडतानाचा.
"अगं, कडी उघडायची आधी! कितीदा सांगितलं!"
खरंच रागावला. मला बरं वाटलं.

मग त्याने किल्ली फिरवली.
आरशात पाहिलं.
मान वळवून पाहिलं.
काच खाली करून, डोकं बाहेर काढून
पुन्हा पाहिलं.
दोन्ही बाजूंना मैलभर
रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.