मालाबाच्या रांगेतली अंडी

मोम्बासा सोडलं की मागे सव्वीस टन गहू,
पुढे नऊशेच्या वर किलोमीटर
आणि शेवटी मालाबाची रांग.
आमचा मुसेम्बी म्हणायचा,
नवरी सासरी पोचेल, बाळंतही होईल,
आपण अजून सरहद्दीच्या अलीकडेच.
सात किलोमीटर नुसते ट्रक.
इंजिन बंद करायची सोय नव्हती:
दर अर्ध्या तासाला बारा हात पुढे सरकायचं,
आणि बंद केलंच, तर जुनं धूड पुन्हा चालू होईल
याची हमी कुणाची?
म्हणून तीन तीन दिवस डिझेल जाळलं आम्ही,
कुठेही न जाता.

त्या धुरात अमोइत अंडी विकायची.
उकडलेली, वर कांदा-टोमॅटो, मिठाची चिमूट.
खिडकीखाली उभी राहून सोलायची,
आणि पांढऱ्या अंड्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उठायचा,
काळा, रेषा न् रेषा स्पष्ट,
जमिनीच्या कागदावर उठतो तसा.
मी तो ठसा खाल्ला आहे.
वीस वर्षं. मीठ लावून.

तिच्या धाकट्याला रात्री ढास लागायची.
दवाखान्यातला माणूस विचारायचा, घरात कोण ओढतं?
ती म्हणायची, रस्ता ओढतो.

मग मोजमापवाले आले.
आंब्याच्या झाडाला एक पांढरी डबी टांगून गेले,
हवा मोजणारी.
दोन देशांचे कागद एका खिडकीवर आले,
रांग आटत गेली,
आणि रांगेबरोबर अमोइतचं गिऱ्हाईकही.
हे कुठल्याच डबीत दिसलं नाही.

आता माझ्याकडे बॅटरीवरची गाडी आहे.
पहिला महिना झोपच लागेना:
पाठीखाली काही धडधडत नाही,
म्हणजे कोणीतरी गेलं असं वाटायचं.
माउ समिटच्या उतारावर ब्रेक दाबला की चार्ज वाढतो.
उतरण्याची कमाई होते, हे बापाला सांगितलं असतं
तर त्यानं आधी माझ्या तोंडाचा वास घेतला असता.

मालाबाला चार्जिंगच्या आवारात पाऊण तास थांबावं लागतं.
पाऊण तास! अमोइतच्या कानावर गेलंच.
तिसऱ्या दिवशी शेगडी, कोळसा, परात घेऊन हजर.
फाटकावरचा पोरगेला साहेब, गळ्यात ओळखपत्र,
म्हणाला, आई, इथे धूर चालत नाही.

ती हसली नाही. रागावलीही नाही.
शेगडी खाली ठेवली,
आंब्याकडे बोट केलं.
ती डबी टांगायच्या आधी, म्हणाली,
इथला धूर कशात जमा होत होता, विचार तिला.

पोरगा हातातले कागद चाळत राहिला.

मी गाडीच्या बगलेतून वायर ओढली.
नैरोबीत घेतलेली केटली होती, झाकण तुटकं.
पाच अंडी मावली.
वीज म्हणे ओल्कारियाची,
जमिनीच्या पोटातून फसफसत वर येणाऱ्या वाफेची.
अंड्यांना काय त्याचं.
नऊ मिनिटांत झाली.
एक साहेबानंही घेतलं, इकडेतिकडे बघून.

माझं तिनं सोललं. उजेडात धरलं.
ठसा नव्हता.
तरी लेसोच्या टोकाला अंगठा पुसला,
दोनदा.

किती झाले?
तीस शिलिंग, क्येंगो.
मागे वीस होते. केटली माझी, वीज माझी,
वर दहा कसले?

जुन्या धुराचे, म्हणाली,
आणि पन्नासच्या नोटेचे सुट्टे
शोधायलाच तयार होईना.