काडेपेटीएवढा

अँटेना गच्चीवर, रिसीव्हर तळमजल्यावर
नकाशांच्या खोलीत. मधे बेचाळीस मीटर केबल.
वीस हजार किलोमीटर आलेला निरोप
उदगीरच्या मोजणी कार्यालयात, जिन्यातच विरत होता.

'उपग्रह दिसंना गेलेत,' हलगेसाहेब म्हणाले,
जणू ते त्यांच्या हाताखालचे शिपाई.

मी अ‍ॅम्प्लिफायर काढला, काडेपेटीएवढा,
आळसानं रिसीव्हरपाशीच जोडला.
खरखर मोठी झाली. नुसती खरखर.
केबलनं आधीच खाल्लेलं
मोठं कसं करणार?

मग मी आणि मुबीनभाई शिडीनं वर.
मे महिना, टाकीला हात लावायची सोय नाही.
अँटेनाच्या बुडाशी, वीतभर केबल सोडून
तो बसवला.
त्याला वेगळी तार लागत नाही.
जिच्यातून निरोप उतरतो
तिच्यातूनच वीज वर चढते, पाच व्होल्ट.

टेप गुंडाळत मुबीनभाई म्हणाले,
'अब्बांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं,
तवा आमची नुसरत त्यांच्या तोंडाशी कान लावून बसायची.
ते पुटपुटायचे,
ती अंगणापर्यंत ऐकू जाईल असं सांगायची.
मी सांगायला गेलो की
चहा मागितलेला असायचा, चादर यायची.'

'तुम्ही कुठं बसायचात?'

'दारात.'

खालून हलगेसाहेबांची हाक:
'सहा आले! सात! अरे, नऊ!'

मुबीनभाई लगेच उतरले नाहीत.
टेपला आणखी एक वेढा दिला,
गरज नसताना.