पकड

दांडिया बाजारात शिंप्याच्या दुकानावर
जिन्याला एकोणीस पायऱ्या. मी मोजल्या,
कारण प्रश्न क्रमांक चौदा पायऱ्यांबद्दलच आहे.

वर इंदुमती शिर्के, वय चौऱ्याहत्तर.
"या, बेसो," म्हणाल्या,
मराठी आणि गुजराती एकाच वाटीत कालवून.

माझ्या पिशवीत एक यंत्र: मूठ आवळली
की काटा सांगतो हातात किती किलो उरलंय.
आणि एक तक्ता, त्यात दर दुखण्याचा भाव.
पूर्ण बरं म्हणजे शून्य, मरण म्हणजे एक,
मधे गुडघा, बहिरेपण, रात्रीचा दमा
दशांशचिन्हापलीकडे दाटीनं बसलेले,
केरोसिनच्या रांगेत डबे ठेवावेत तसे.
आयुष्यातून एवढं वजा करायचं.
उरेल ते धडधाकट.

"अर्धा किलोमीटर न थांबता चालू शकता?"
"सुरसागरापर्यंत. मग बाकावर बसते.
बसणं म्हणजे थांबणं धरता का?"
मी 'थोडी अडचण'वर खूण केली.

"गेल्या तीस दिवसांत किती दिवस बरं नव्हतं?"
त्यांनी बोटांची पेरं मोजली, दोनदा चुकल्या,
मग म्हणाल्या, "मंगळवार. सगळे."
का, ते विचारायला रकाना नव्हता.

"दुसऱ्याची मदत कधीपासून लागते?"
खाली शिलाईचं मशीन थांबलं,
पुन्हा सुरू झालं.
"हे पडले तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची.
डावी बाजू सगळी गेली.
उचलून संडासाला, उचलून खुर्चीत,
साठ किलोचा माणूस, मी पंचेचाळीस.
अकरा वर्षांत मला एक दिवस ताप नाही.
आला असेल तर कळला नाही.
ते गेले, आणि दोन वर्षांनी माझा गुडघा गेला.
ती अकरा, बाई, कुणाच्या नावावर?
त्यांची आजारात लिहाल, बरोबर आहे.
माझी धडधाकट लिहाल.
लिहा. खोटं नाही ते.
पण मला विचाराल तर माझी दोनच."

टॅबचा पडदा काळा झाला होता.
बोट लावून मी तो जागा केला.
प्रशिक्षणात सांगितलं होतं:
समोरच्याला रडू आलं तर पाणी द्या,
पुढचा प्रश्न घ्या.
त्या रडत नव्हत्या. पाणी मी मागितलं.

"आता हात. जमेल तेवढा जोर लावा."
चौदा. मग तेरा. मग दात आवळून सोळा.
तिन्हीतला मोठा आकडा घ्यायचा असतो.
"तेव्हा किती भरला असता?" म्हणाल्या,
आणि यंत्र माझ्याकडे सरकवून,
"तुम्ही दाबा बघू."
एकवीस. वय एकतीस.
आमच्या तक्त्यात हे लाल रंगात येतं.
त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन
मुरंब्याची बरणी घेऊन आल्या.
"कालपासून उघडत नाही."

मी पदर गुंडाळून, ओठ चावून,
तळवा लाल होईस्तोवर पिळली.
त्यांनी चमच्याचं टोक झाकणाखाली सारलं,
फट्.
"जोर नाही हो लागत. हवा शिरू द्यायची."

रात्री सहा घरांची माहिती चढवली.
'शेरा' या चौकटीत वीसच अक्षरं मावतात.
मी लिहिलं: अकरा वर्षं दुसऱ्याच्या नावे.
पडद्यावर उरलं: अकरा वर्षं दुसऱ्या
आणि पुढे हिरवी खूण, नोंद पूर्ण.

पुढच्या मंगळवारी त्याच गल्लीत काम होतं.
वरची खिडकी बंद.
शिंप्यानं सुईत दोरा ओवता ओवता
मान न उचलता सांगितलं,
"आज नहीं, बेन. आज त्या कुणालाच भेटत नाहीत."
मी पहिल्या पायरीवर जरा वेळ बसले.
बसणं म्हणजे थांबणं धरतात का,
अजून विचारलेलं नाही ऑफिसात.