ओलावा आठ टक्के

कुपवाड एमआयडीसीच्या फाटकासमोर
वजनकाट्याच्या वरच्या खोलीत
माझं टेबल, एक प्रिंटर, आणि पितळी डब्यात
सोळा माणसांच्या सह्या.
सह्या डिजिटल: बोटाएवढे डोंगल,
प्रत्येकाला चिंधी बांधलेली वेगळ्या रंगाची,
फौंड्रीवाल्या मगदुमांच्या नावानं
चुकून बेदाण्याचं टेंडर जायला नको.

इलाहीभाई नदाफांची चिंधी पांढरी.
मिरजेत तीन पिढ्यांनी कापूस पिंजला,
दारोदार, पिंजणीची तार वाजवत.
आता शामरावनगरात शेड, दोन यंत्रं, शिवायला नऊ बायका,
आणि रेल्वेच्या दवाखान्यांना हव्यात
बाराशे चाळीस गाद्या.

"रेल्वे आपल्याकडनं घेईल व्हय?"
घेईल, म्हटलं, कागद बोलला तर.
एकशे बारा पानं. मी इंग्रजी फोडून सांगत गेले,
ते डोळे मिटून ऐकत गेले,
आणि "ओलावा आठ टक्क्यांहून जास्त नसावा" इथं
एकदम म्हणाले, थांबा.
"हे ज्यानं लिहिलंय त्याला कापूस कळतो."

पहिल्यांदा हरलो. गादीमागे चाळीस पैशांनी.
जिंकला कोण, तर पानिपतचा.
यावर इलाहीभाई जे हसले
ते कुठल्याच रकान्यात बसेना.

दुसऱ्यांदा मी हिशेब धरून बसले:
दोरा धरा, वीज धरा, जबलपूरपर्यंतचा ट्रक धरा,
बिल निघेपर्यंतचं व्याज धरा.
"बायकांची दिवाळी धरली का?"
धरली.
तरी सगळ्यात कमी आम्हीच निघालो.
पेढे वाटताना पोटात गोळा:
आपण काय विसरलो?

कृष्णा विसरलो.

ऑगस्टात आयर्विन पुलापाशी आकडा चढत गेला
आणि तिसऱ्या रात्री शेडमध्ये पाणी.
कापूस पाणी पितो तेव्हा आवाज करत नाही.
चारशे गाद्या तयार होत्या, पॅक केलेल्या;
एकेक ओढायला चार माणसं.

करार म्हणतो, उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कापू.
करार हेही म्हणतो, एकोणनव्वदाव्या पानावर, बारीक अक्षरात,
आपत्ती आल्यास एकवीस दिवसांत कळवावे,
पुराव्यासह.

नदी आली होती, याचा पुरावा.
तलाठी भाऊसाहेबांनी लिहून दिलं: पाणी छातीपर्यंत.
तिकडून उत्तर: उंची मीटरमध्ये कळवावी.
मग आम्ही टेप घेऊन गेलो. भिंतीवर गाळाची रेघ,
जुन्या कारकुनानं पट्टीनं आखावी तशी.
टेपचं खालचं टोक शहनाजनं धरलं, चिखलात उकिडवं बसून.
एक मीटर एकतीस.
फोटो मी काढला, तारीख दिसेल असा.
इलाहीभाई न सांगता रेघेशेजारी जाऊन उभे राहिले,
शर्टाचं दुसरं बटण रेघेला लावून.
तोही फोटो जोडला.

सत्तर दिवस वाढवून मिळाले.
दंड माफ नाही झाला, अर्धा झाला.
अर्धाच का, ते कुणी सांगितलं नाही.
मी विचारलंय. अजून विचारतेय,
दर सोमवारी, तोच विषय, तोच संदर्भ क्रमांक.

तपासनीस आला, गादीत सुई खुपसली.
नऊ बायकांची मशिनं एकदम थांबली.
सात पूर्णांक दोन.
त्यानं चहा घेतला नाही, पाणी घेतलं.

बिल निघालं एकशे अठ्ठेचाळिसाव्या दिवशी.
माझी फी त्यांनी चेकनं दिली,
"कागद बोलायला पाहिजे ना बाई,"
आणि उरलेल्या कापसाची एक गिरदी, खुर्चीसाठी.

तीच आहे खाली. बसलं की आधी दबते,
मग सावकाश वर येते.
दुपारचे दोन बावन्न. तीनला पोर्टल बंद होतं.
खाली काट्यावर उसाची ट्रॉली चढलीय, खिडकी थरथरतेय,
मगदूम तिसऱ्यांदा फोन करतायत,
आणि डब्यात लाल चिंधी सापडत नाहीये.