चुन्याची निवळी

टूसॉनच्या दक्षिण टोकाला, टायरच्या दुकानाला लागून
'एल गायो असुल'. म्हणजे निळा कोंबडा.
पाटीवरचा कोंबडा उन्हानं कधीच पांढरा पडलाय.
सगळ्यात जास्त खपते सात नंबरची थाळी:
दोन एन्चिलाडा, भात, राजमा,
वर पिवळ्या चीजचं पांघरूण,
इतकं जाड की खाली कोण झोपलंय ते कळू नये.

"हे अस्सल आहे ना?" गिऱ्हाईक विचारतं.
मी हो म्हणते.
टिप त्या 'हो'वर ठरते.

आत एउफ्रोसिना नाकातल्या नाकात हसते.
ती मिश्तेकाच्या डोंगरातली.
निघताना तिनं पाटा आणला, तीन पायांचा, काळा,
दोन दिवस बसमध्ये मांडीवर धरून.
सीमेवरच्या शिपायानं विचारलं, यात काय लपवलंय?
ती म्हणाली, ठोकून बघ.

कांदा चिरता चिरता ती सांगते,
डुक्कर जहाजातून आलं, गाय जहाजातून,
गहू, तांदूळ, ही तुझी कोथिंबीरसुद्धा.
सळईवर गरगरणारं मांस पुएब्लाला शिकवलं
लेबनॉनहून पोट भरायला आलेल्यांनी.
"आले ते आले. पंगतीला बसले, घरचे झाले."

मग आपलं काय?

ती मुठीतून मका ओघळू देते,
निळा, जांभळट, दुधाच्या दातासारखा पांढरा.
"हे गवत होतं गं.
बोटाएवढं कणीस, खड्यासारखे आठ-दहा दाणे.
कुणी बाई दरसाल त्यातला थोरला दाणा
न खाता पेरत गेली.
घरात पोरं भुकेली असताना.
काय म्हणाले असतील तिला शेजारचे!"

मालक बाल्दोमेरो म्हणतो, पिशवीतलं पीठ स्वस्त पडतं.
म्हणून हे सगळं रात्री अकरानंतर,
शटर अर्धं ओढल्यावर, गॅसचे पैसे तिच्या पगारातून.
पातेल्यात टाकण्याआधी ती दाण्यांवर फुंकर घालते.
आगीला भिऊ नयेत म्हणून.
मग चुन्याची निवळी. मग झाकण. मग झोप.
पहाटे साल बोटांशी सुटून येते,
ओल्या मातीचा, जुन्या भिंतीचा वास सुटतो.
चुन्याशिवाय मका पोट भरतो, अंगी लागत नाही,
हे तिला कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

परवा एकजण विसरलेली टोपी न्यायला परत आला,
शटरखालून वाकून.
तव्यावर तोर्तिया टम्म फुगली होती.
तिनं त्यावर मीठ भुरभुरलं, गुंडाळली, त्याच्या हातात दिली.
तो उभ्यानंच खात होता. मग थांबला.
"मेनूवर हिचा नंबर कितवा?"

मी तिला विचारलं.
ती पुढचा गोळा थापत राहिली.
"सांग त्याला, नंबर पडले
त्याच्या आधीची आहे ही."

मी ते इंग्रजीत कसंबसं सांगितलं.
त्याला काय कळलं, देव जाणे.
बोटांवरचं मीठ चाटत गेला,
टोपी पुन्हा विसरून.