रीडिंग

सांगलीवाडीतले मीटर आता माझ्या डोक्याच्या वर असतात.
पुरानंतर ज्याने त्याने उचलून घेतले,
म्हणून सायकलला एक प्लॅस्टिकचं स्टूल बांधून फिरतो.
फोटोत आकडा स्पष्ट यावा लागतो.
स्टुलावर चढलं की खिडकी बरोबर कानाशी येते.

दिवसा घरांना कुलपं, म्हणून हा फेरा संध्याकाळचा.
अकरा वर्षांत लोकांचे टीव्ही मी फक्त ऐकलेत.

मगदुमांकडे सात माणसं, टीव्ही एक.
कुस्ती, बातम्या, कार्टून एकाच वाक्यात येतात.
रिमोट आजोबांकडे गेला की आत भांडी आपटतात.
युनिट चौऱ्याण्णव. शंभराच्या आत राहायचं
हे त्या घरात पोरांनाही पाठ आहे.

शिकलगार भावांनी मधे भिंत घातली,
मीटर दोन झाले.
मालिका मात्र तीच.
थोरल्याकडे केबल, धाकट्याकडे डिश;
तीच सासू आधी इकडे रडते,
अर्ध्या श्वासानंतर तिकडे.
मी मधल्या बोळात उभा,
दोन्हीकडचं रडणं कानांवर घेत,
दोन आकडे टिपत.

उपाध्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत,
सातला स्वयंपाकघर काळोखात.
सून पायरीवर मोबाइल घेऊन बसलेली, कानात बोंडं.
ती काय बघते, मला कळलेलं नाही.
मीटरलाही नाही.

आणि बेले सर.
एकटे. युनिट दोनशे बारा.
ऑफिसातून चिठ्ठी आली : एवढा वापर? तपासा.
तपासलं. मीटर बरोबर होता.
हॉलमधला टीव्ही चालू, आतल्या खोलीतलाही,
सर मात्र ओट्यापाशी, भेंडी चिरत.
म्हणाले, "बंद केला की फ्रिज ऐकू येतो, बाबा.
मग फ्रिजही थांबतो."

शेऱ्यासाठी आमच्याकडे ठरलेले शब्द आहेत :
कुलूपबंद. काच धुरकट. मीटर नादुरुस्त.
बराच वेळ स्टुलावर उभा राहिलो.
मग लिहिलं : ठीक.

माझ्या घराचं रीडिंग दुसऱ्या बीटचा जालिंदर घेतो.
एकदा चहाला थांबवून विचारलं,
आमच्या खिडकीतून काय ऐकू येतं रे?
"तुमच्यात? मिक्सर." बशी पुसत म्हणाला,
"आणि एकशे तीन युनिट झाल्यात.
वरची तीन कुठं जात्यात ते बघा की जरा."

त्या रात्री साडेदहाला पोचलो.
ताट झाकून ठेवलेलं,
सुमती टीव्हीपुढे भिंतीला टेकून झोपलेली.
पडद्यावर कुणी बाई कढई विकत होती,
तिचा निळा उजेड हिच्या गालावर हलत होता.
आवाज आधीच कमी केलेला,
दारातली सायकल ऐकू यावी इतका.

बटणापर्यंत हात नेला.
तेवढ्यात फ्रिज सुरू झाला.